विमानाचं पोट

बाबाने जेवणाच्या टेबलावर विमान बांधायला घेतलं तेव्हा आईने आधी भांडण केलं, मग अबोला धरला आणि शेवटी ताट मांडीवर घेऊन मुकाट्याने जेवायला लागली. विमानाचा सांगाडा टेबलाच्या एका टोकापासून सुरू व्हायचा आणि शेपूट दुसऱ्या टोकावरून थेट फ्रिजपर्यंत जायची. फ्रिजचं दार अर्धंच उघडायचं. दूध काढायचं तर बाटली आडवी करून काढा.

"तुझा बाप बाळंत होणार आहे टेबलावर," आई मला म्हणाली. "तारीख मात्र सांगत नाहीये."

बाबाने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट चालते तोवर माणसं मेकॅनिककडे बघतसुद्धा नाहीत, बंद पडली की त्याच्या सात पिढ्या काढतात. या नोकरीत माणूस एक तर दारू पितो नाहीतर छंद धरतो. बाबाने रिमोटवरची विमानं धरली. पण ती सगळी छोटी, थर्मोकोलची. काखेत मारायची आणि मैदानावर जायचं. पडली तर चिकटवायची. हे नवीन मात्र भलतंच होतं. नुसता पंख दारातून बाहेर काढायचा तर तिरका धरावा लागायचा, आणि असे पंख एकावर एक दोन. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या, मधून आरपार जाणारी नळी, पुढे डब्याच्या झाकणाएवढी मोटर. पेट्रोल नाही, सगळं बॅटरीवर. आणि साधं उडायचं नाही, हवेत कोलांट्या मारायच्या.

मी त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर दुकान चालवते. सोफे, गाडीच्या सीट, खुर्च्या. काहीही आणा, कव्हर शिवून देते. कुणी शिकवलं नाही. शिकवायला गेलेल्यांनी "बायकांचं काम नाही हे" एवढंच शिकवलं, ते मी शिकले नाही. बाबा मला सुई म्हणतो. धंद्यामुळे म्हणतो असं तो सांगतो. जिभेमुळे म्हणतो हे सगळ्यांना माहीत आहे.

"एवढं मोठं कशाला?" मी विचारलं.

"मोठं विमान वाऱ्यात हलत नाही."

"आणि दोन पंख?"

"कमी लांबीत जास्त उचल. गिरकी पटकन घेतं."

"आणि बॅटरीच का?"

"पेट्रोलचा वास तुझ्या आईला चालेल?"

"टेबल गेलं तेव्हा विचारलं होतंस का मला?" आई आतून ओरडली.

तिन्ही उत्तरं बरोबर होती. तेच मला खटकलं. माणूस इतकी बरोबर उत्तरं इतक्या पटकन देतो तेव्हा खरं उत्तर चौथं असतं. छोट्या विमानांवर आयुष्य काढलेला माणूस उतारवयात एकदम घराएवढं विमान का बांधतो? मला ते कळेना आणि मला न कळलेली गोष्ट मी सोडत नाही.

कशासाठी बांधतोय ते मात्र उघड होतं. गेल्या मोसमात बाबाचं छोटं विमान मैदानाबाहेर उभ्या असलेल्या एका गाडीच्या टपावर आदळलं होतं. रिमोटच्या रेडिओने दगा दिला, असं बाबाने सांगितलं. विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबच्या कमिटीने ऐकून घेतलं आणि ठराव केला: यापुढे काकांनी, म्हणजे बाबाने, आधी अध्यक्षांसमोर परीक्षा द्यायची. एक लूप म्हणजे उभी गोल कोलांटी, एक रोल म्हणजे अंगाभोवती गिरकी, सगळ्यांसमोरून उलटं विमान नेऊन दाखवायचं आणि नीट उतरवायचं. जमलं तर उडवत राहा. नाही जमलं तर जाळीमागे. जाळीमागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्यावर उडवणं बंद झालेले म्हातारे बसून उडवणाऱ्यांच्या चुका काढायचे. बाबाला मरणाची भीती वाटत नसेल एवढी त्या खुर्च्यांची वाटत होती.

मी टेबलाशी रेंगाळायला लागले ती भंगाराच्या बादलीमुळे. मला पाचरींसाठी लाकडाचे तुकडे लागतात, म्हणून मी बादली उपसली. आत बाल्साच्या लांब पट्ट्या होत्या. कोऱ्या. तुटलेल्या नाहीत, चिरलेल्या नाहीत. एक काढून खिडकीच्या काचेवर ठेवली. पट्टी आणि काच यांच्यामधून कागद सरकेना, इतकी सरळ. दुसरी ठेवली. तीही तशीच.

"ह्या का फेकल्यास?"

"वाकड्या आहेत."

"कुठे वाकड्या? काचेवर ठेवून बघ."

"सुई, हे विमानाचं लाकूड आहे. सोफ्याचं नाही."

माझं डोकं फिरलं. वाकडं म्हणजे वाकडं, त्यात विमानाचं वाकडं आणि सोफ्याचं वाकडं असं असतं का? पण त्याने मान फिरवली होती आणि तो दुसरी पट्टी डोळ्यांसमोर धरून बघत होता. आमच्या धंद्यात आम्हीही असंच बघतो, एक डोळा मिटून, काठावरून नजर सरकवत. फरक एवढाच की बाबा उजव्या हाताचा आणि उजव्या डोळ्याचा माणूस, आणि आता त्याने मान वाकडी करकरून पट्टी डाव्या डोळ्याशी नेली होती. मी ते बघितलं. बघितलं आणि दुसऱ्याच गोष्टीत शिरले, कारण त्याने लगेच विचारलं, "फासळी धरतेस का जरा? माझे हात दोनच आहेत."

धरली. आणि अडकले. पिसाएवढी हलकी फासळी आणि तिच्यावरून अख्ख्या विमानाचं वजन जाणार! "मोडत कशी नाही?" मी विचारलं. "एकटी असली की मोडते," बाबा म्हणाला. वरचा आणि खालचा पंख जोडणाऱ्या तिरक्या काठ्या आल्या, त्यांच्यामध्ये फुलीसारख्या बारीक तारा आल्या. मी तार बोटाने छेडली तर वाजली. पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या ओढायला छोट्या मोटरी असतात, त्यांना सर्व्हो म्हणतात. बाबाने रिमोटची काडी हलवली आणि टेबलावरच्या त्या हाडांच्या सापळ्याने मागचा भाग वर केला. मी दचकले. आई म्हणाली, "उठलं की काय!"

तोल बघायला त्याने छताचा पंखा उतरवला आणि त्या हुकाला लिफ्टच्या कामातला जुना पट्टा लावून विमान टांगलं. नाकात विटेएवढ्या बॅटऱ्या. त्या बोटभर पुढे सरकवल्या की शेपूट उचलायची, मागे घेतल्या की खाली बसायची. आम्ही दोघं खाली उभे राहून तोंड वर करून बघत होतो.

"पंखा काढून विमान लावलंय," आई पदराने वारा घेत म्हणाली. "आता वारा कोण घालणार, तुझा बाप फिरणार का गोल?"

मग कव्हर आलं. कापड नसतं, रंगीत फिल्म असते. लाकडावर ठेवायची, छोट्या इस्त्रीने कडा चिकटवायच्या आणि गरम करून ताणायची. सुरकुती दिसता कामा नये. हे माझं काम. या कामात मला कुणी काही सांगायचं नाही.

बाबाने सांगितलं. "वर तुला हवं ते कर. खाली वेगळं कर. जाड काळे पट्टे लाव, आडवे."

"का?"

तो इस्त्रीच्या वायरीशी खेळला. "पद्धत आहे."

आता मला कुणी पद्धत आहे म्हटलं की काय होतं ते बाबाला माहीत असायला हवं होतं. माझ्या आयुष्यात ज्याला ज्याला कारण सांगता आलं नाही त्याने पद्धत पुढे केलीय. बायका हातोडा धरत नाहीत, पद्धत आहे. सोफ्याच्या खालून स्वस्तातलं काळं कापड मारायचं, पद्धत आहे. का? कारण खाली कोण बघतंय! ही असली चोरी मी कधीच केली नाही. माझा सोफा उलटा करून बघा, खालीही तेच कापड आणि तसाच टाका. तर माझ्या बापाच्या विमानाला मी पोटाला काळं फासू? मेले तरी नाही.

मी लाल किरण काढले. प्रत्येक पंखाच्या मधून निघून टोकाकडे रुंद होत गेलेले, पांढऱ्यावर लाल. वरून जसे तसेच खालून. काठावर वरचा किरण जिथे संपतो तिथेच खालचा सुरू होतो, केसाचा फरक नाही. असा जोड मी आजवर कुठल्याच खुर्चीला लावला नव्हता.

बाबाने पंख हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. परत उलटा केला. मग म्हणाला, "छान झालंय गं."

त्याचा आवाज जरा बसल्यासारखा होता. भरून आला असेल, मला वाटलं. मूर्ख मी.

मैदान म्हणजे गोदामांच्या मागची मोकळी जागा. मध्ये कापलेल्या गवताची पट्टी, एका बाजूला जाळी, जाळीमागे त्या खुर्च्या आणि त्यांच्या मागे गाड्या. क्लबचा अध्यक्ष दातांचा डॉक्टर. बाबा घरी त्याला कवळी म्हणायचा, तोंडावर डॉक्टरसाहेब. माणूस वाईट नव्हता. त्याच्याशेजारी एक पेट्रोलवाला, म्हणजे पेट्रोलची विमानं उडवणारा आणि बॅटरीवाल्यांना माणसात न धरणारा.

"काय काका, मिक्सर घेऊन आलात?"

"हो. डोकं घाल तुझं, बघू काय निघतंय ते. कोरडंच फिरेल म्हणा."

खुर्च्या हसल्या. आम्ही पंख चढवले, तारा ताणल्या, बॅटऱ्या आत सरकवल्या. विमान गवतावर उभं राहिलं तेव्हा पेट्रोलवालाही वाकून बघायला आला आणि उगाच चाकाला पाय लावून गेला. बाबा उडवणाऱ्यांच्या रेघेवर उभा राहिला. "तू इथेच थांब," मला म्हणाला. "अगदी खांद्याशी." सोबत हवी असेल, मला वाटलं.

मोटर गुरगुरली, मग शिटीसारखी चढली आणि विमान जरासं धावून उठलंच. मला वाटलं होतं एवढं मोठं धूड धापा टाकत उठेल. छे! गादीवरून मांजर उठावं तसं उठलं. वर जाऊन त्याने लूप घेतला, अंगठी काढल्यासारखा गोल. मग रोल. लाल किरण गरगरले. कसा सांगू तो आनंद! आणि मला नवल वाटलं की एवढ्या मोठ्या गोष्टीला बाबा फक्त अंगठ्यांनी फिरवतोय. मी आकाश सोडून त्याच्या हातांकडे बघायला लागले. शिवणारी माणसं हातच बघतात. काडीवरचे अंगठे थांबत नव्हते. सारखे किंचित किंचित थरथरत होते, मशीनवर कापड धरलेल्या बोटांसारखे.

लांब जाऊन विमान अर्धं फिरलं, उलटं झालं आणि आमच्याकडे वळलं. वळताना सूर्याखालून गेलं.

बाबाचे अंगठे थांबले.

पूर्ण थांबले. विमानाचं नाक हळूहळू खाली येत होतं आणि त्याचे अंगठे दगडासारखे. मग ओठ न हलवता तो म्हणाला, "सुई. चाकं कुठेत?"

"काय?"

"चाकं. वर की खाली?"

"वर! उलटंच आहे ना!"

"नक्की?"

"अरे वर आहेत! आकाशाकडे!"

त्याने काडी पुढे ढकलली. मी ओरडणारच होते, कारण ओढलं की वर आणि ढकललं की खाली एवढं मला महिनाभरात कळलं होतं. उलट्या विमानाला सगळं उलटं लागू होतं हे मात्र कळलं नव्हतं. विमान खाली आलं, गवतावर आलं, आणि तिथून उचललं गेलं. पालथ्या पाठीने आमच्यासमोरून सणसणत गेलं आणि खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. पेट्रोलवाल्याने शिटी मारली. त्यांना वाटलं हा मुद्दाम केलेला कारनामा आहे.

"आता बोलत राहा," बाबा पुटपुटला. "थांबू नको."

"सुलटं झालं. चाकं खाली. डावा पंख खाली."

"कुणाचा डावा?"

खरंच, कुणाचा? विमान आपल्याकडे तोंड करून येत असलं की त्याचा डावा आपला उजवा. हे मला तेव्हा, त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं. "गोदामाकडचा," मी म्हटलं. "गोदामाकडचा पंख वर घे. अजून. बस. नाक जास्त वर. आता बरोबर." विमान एकदा उसळलं, परत टेकलं आणि गवतात चालत येऊन थांबलं. बाबाच्या कानामागून घाम ओघळत होता.

दातवाला हात पुढे करून आला. "काका! काय ती उलटी फेरी! गवत कापलंत! झालं, पास. कमिटीला मी सांगतो." मग विमानाभोवती फिरला, वाकून खालून बघितलं आणि थबकला. "हे रंगकाम तुमचं का ताई? सुंदर आहे. पण खाली-वर सारखंच? आम्ही पोट वेगळं ठेवतो हो. लांबून पाठ कुठली पोट कुठलं कळायला नको? मी तर नसतं उडवलं हे, माझी हिंमत नाही. काकांची नजर म्हणजे काय बोलायचं!"

तो गेला. विमान गाडीपाशी नेल्यावर मी बाबाकडे बघितलं. तो गुडघ्यावर बसून तारा सोडवत होता, म्हणजे हाताने चाचपून गाठ शोधत होता. काचेवरच्या त्या सरळ पट्ट्या मला आठवल्या आणि चौथं उत्तर मला आपोआप मिळालं.

"किती दिसतं तुला?"

"हळू बोल."

"किती दिसतं?"

"उजव्यात मधोमध डाग आहे. कडेकडेने दिसतं. सरळ रेघ वाकडी दिसते. डावाही त्याच वाटेने निघालाय." त्याने तार गुंडाळली. "छोटं विमान डागात अख्खं बुडतं गं. गाडीवर आदळलं ते तसंच. हे बुडलं तरी टोकं बाहेर राहतात. दोन पंख, जाड दिसतात. हिशोब बरोबर होता माझा."

"आईला माहीत आहे?"

"तीच घेऊन गेली होती डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

वा! म्हणजे सगळ्या घराला माहीत, भंगार उपसणारी मी तेवढी खुळी.

"आणि पट्टे? पोट कळावं म्हणून लावायचे, एवढं वाक्य बोलता येत नव्हतं तुला? पद्धत म्हणे!"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, तुला एवढा अनुभव, तुला कशाला लागतात. मग काय सांगणार होतो? आणि तू केलंस ते इतकं… नाही सांगवलं. म्हटलं बघू, जमेल."

मला त्याला मारावंसं वाटलं. आणि स्वतःलाही. एका शब्दाचं कारण मागायला मी एवढी शूर, आणि उत्तर टाळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघायला मात्र विसरले.

"जा आणि त्या दातवाल्याला सांग."

"सुई, मी पास झालोय."

"तू नाही झालास. मी झाले. ते टपावर आदळलं तेव्हा गाडीत कुणी नव्हतं. हे त्याच्या दसपट आहे. पुढचा पंखा बघितलायस ना फिरताना?"

"तू सांगणार आहेस का?"

"नाही. तू सांगायचंस."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पुढच्या वेळी खांद्याशी मी नसेन. विचार मग चाकं कुठेत ते पेट्रोलवाल्याला."

तो बराच वेळ पंखाचं टोक धरून बसला. उठताना त्याने माझा हात घेतला नाही. गाडीच्या दाराला धरून उठला आणि गवतातून चालत गेला. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. दातवाल्याने टोपी काढली. पेट्रोलवाला हातातलं पान्याचं काम सोडून बघत राहिला, मग मान फिरवून उगाच इंजिन पुसायला लागला. बाबा बोलत होता, मध्येच त्याने हात आडवा करून उलटा केला, म्हणजे विमान उलटं कसं गेलं तेही सांगत होता. सांगायलाच गेलाय तर नीट सांगेल. लिफ्टमध्ये काय बिघडलंय ते तो लोकांना असंच सांगायचा, शेवटच्या स्क्रूपर्यंत.

आला. गाडीत बसला. विमानाचं धड आमच्या दोघांच्या मध्ये आडवं होतं, शेपूट मागच्या काचेला टेकलेली.

"काय म्हणाला?"

"पास रद्द. एकट्याने नाही उडवायचं. शेजारी डोळेवाला माणूस ठेवून चालेल का ते कमिटीत विचारणार. नाही म्हणण्याची शक्यताच जास्त आहे म्हणाला."

"चिडला?"

"नाही. डोळ्यांच्या तीन डॉक्टरांची नावं दिली. दात सोडून सगळ्याची माहिती आहे कवळीला."

मी हसले नाही. तोही नाही. माझ्यावर तो रागावला होता आणि ते त्याने लपवलं नाही, मीही समजूत काढली नाही. मी गाडी सुरू केली.

"थांब," बाबा म्हणाला. "उलटं येत होतं तेव्हा जमिनीपासून किती वर होतं?"

"मांडीएवढं."

"खोटं."

"गवत हललं."

तो माझ्याकडे वळला, नजर थोडी माझ्या कानाकडे ठेवून, कडेने बघायला. "हललं? कसं हललं? आडवं झालं का नुसतं थरथरलं?"

"मागे झोपलं. पंखा जिथून गेला तिथून एक पट्टा पडत गेला, आणि परत उभा राहिला."

"लगेच?"

"नाही. जरा वेळाने. विमान पुढे गेल्यावर."

"मला नुसता आवाज आला," बाबा म्हणाला. त्याने हात लांब करून किल्ली फिरवून गाडी बंद केली. "असं नाही. पहिल्यापासून सांग. चाक जमिनीवरून सुटलं, तिथून धर."